पोटखराब्याचे पीक

महसुली दप्तरात जमिनीच्या एकूण क्षेत्रातून लागवडीस निरुपयोगी ठरलेला भाग वजा करून वेगळा दाखविण्याचा शिरस्ता आहे, आणि त्या भागाला पोटखराबा म्हणतात. खडक, ओहोळ, मुरमाड टेकाड, जिथे नांगराचा फाळ शिरत नाही आणि शिरलाच तर हाती काही लागत नाही, अशी सारी भूमी या एका रकान्यात जमा होते. तिच्यावर शेतसारा बसत नाही, तिच्यापायी भाऊबंदकीचे कज्जे सहसा उद्भवत नाहीत, आणि कालव्यांच्या लाभक्षेत्रांचे नकाशे रंगविण्यात ज्याची उमेद खर्ची पडली अशा पाटबंधारे खात्यातल्या माझ्यासारख्या माणसाला तर ती नकाशावर कोरी सोडायची जागा एवढ्यापुरतीच ठाऊक असते. निवृत्तीनंतर, जावयाच्या नोकरीच्या निमित्ताने अर्जेंटिनात जाणे झाले आणि तेथील मेंदोसा प्रांतात, अँडीज पर्वताच्या पूर्व पायथ्याशी, तुपुंगातो तालुक्यातील ग्वाल्तायारी नावाच्या भागात मी जाऊन पोचलो, तेव्हा ती उतरण पाहताक्षणी मला वाटले की आपल्याकडचा एखादा जुना सर्कल इन्स्पेक्टर येथे आला असता तर घोड्यावरून पायउतार होण्याची तसदी न घेता त्याने हा सबंध मुलूख पोटखराब्यात ढकलला असता. हारिया नावाची करडी, चिवट झुडुपे, मुठीएवढ्यापासून डोक्याएवढ्यापर्यंतचे गोटे, त्यांच्या अंगावर चुन्याचा पांढुरका थर, आणि पश्चिमेला बर्फाच्छादित शिखरांची अखंड भिंत. या भूमीत जी शार्डोने पिकते तिची गणना दक्षिण अमेरिकेतील श्रेष्ठ श्वेत मद्यांत होते, आणि तिच्यातल्या नामांकित बाटलीला शंभर डॉलरच्या पुढे किंमत पडते.

मेंदोसा हे मूलतः वाळवंट आहे. प्रशांत महासागरावरून येणारे ढग चिलीच्या बाजूलाच आपला भार उतरवून मोकळे होतात आणि आकोंकाग्वासारख्या ६९६१ मीटर उंचीच्या शिखरांची तटबंदी ओलांडून पलीकडे पोचते ती केवळ कोरडी हवा. वर्षाकाठी पाऊस सुमारे दोनशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या माणदेशातल्या दुष्काळी गावांनाही ज्याचा हेवा वाटू नये इतका. जे काही हिरवे दिसते ते हिमनद्यांच्या आणि वितळत्या बर्फाच्या पाण्यावर, आणि तेही प्रांताच्या एकूण क्षेत्राच्या जेमतेम तीन-चार टक्क्यांवर. या प्रदेशातील कातेना सापाता या वायनरीची 'आद्रियाना' नावाची बाग समुद्रसपाटीपासून सुमारे १४५० मीटरवर आहे. महाबळेश्वराच्या वर आणि कळसूबाईच्या खाली, असे म्हटले म्हणजे मराठी वाचकाला तिचा अंदाज येईल. उंचीचा नुसता विक्रमच पाहायचा असेल तर त्याच देशाच्या उत्तरेस साल्ता प्रांतात कोलोमे वायनरीची एक बाग ३१११ मीटरवर आहे, आणि बाटलीवर मीटर छापण्याची ही स्पर्धा मला काहीशी पोरकट वाटते. आद्रियानाचे मर्म निराळे आहे. शार्डोनेचे माहेर असलेला फ्रान्समधील बर्गंडी प्रांत ४७ अक्षांशावर, अडीच-तीनशे मीटरच्या सौम्य टेकड्यांवर वसलेला; मेंदोसा विषुववृत्ताच्या पुष्कळच जवळ, ३३ अक्षांशाच्या आसपास. अक्षांश काही कोणाच्या हुकमाने बदलता येत नाही. परंतु दर हजार मीटर चढले की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते, एवढ्या एका निसर्गनियमाच्या बळावर, जो थंडावा नकाशावर दक्षिणेला दीड हजार किलोमीटर सरकून मिळाला असता तो एका माणसाने डोंगर चढून मिळविला.

हा माणूस म्हणजे निकोलास कातेना. त्याचे आजोबा निकोला हे इटलीच्या मार्के प्रांतातून १८९८ साली अर्जेंटिनात आले आणि त्यांनी १९०२ साली आपली पहिली बाग लावली. त्यानंतरच्या काळात या देशाने मद्य प्यावे ते पाण्यासारखे. १९७० च्या सुमारास तेथे माणशी वर्षाला नव्वदेक लिटरचा खप होता, आणि अशा गिऱ्हाइकासाठी जे पिकते ते टाकीच्या मापाने पिकते, चवीच्या नव्हे. निकोलासचे वडील दोमिंगो यांच्या कारकिर्दीतला एक प्रसंग त्या घराण्यात आजही सांगितला जातो. १९६० च्या दशकात देशाची आर्थिक घडी पुरती विसकटली होती आणि एका हंगामात द्राक्षतोडणीचा खर्च मालाच्या किमतीहून अधिक येईल असा हिशेब निघाला. बावीस वर्षांचा, अर्थशास्त्राची पदवी नुकतीच हाती पडलेला निकोलास म्हणाला की द्राक्षे वेलीवरच राहू द्यावीत. वडिलांना हिशेब पटला. पण पिकलेली बाग डोळ्यांदेखत सडू देणे त्यांच्या जिवाला पटले नाही, आणि त्यांनी तोडणी केली. ज्याने आंब्याला भाव नाही म्हणून मोहोर झाडला अशा बागायतदाराची माझी अद्याप गाठ पडलेली नाही, तेव्हा दोमिंगोंच्या वागण्याचे मला नवल वाटत नाही. नवल वाटते ते असे की हिशेबाचा एवढा पक्का मुलगा पुढे त्याच बागांवर जो खर्च करून बसला तो कोणत्याही मुनिमाने नामंजूर केला असता.

१९८० च्या दशकाच्या आरंभी निकोलास कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून गेला. तेथून नापा खोरे हाकेच्या अंतरावर. १९७६ साली पॅरिसमध्ये झालेल्या त्या सुप्रसिद्ध परीक्षेत फ्रेंच परीक्षकांनीच, बाटल्यांची नावे झाकलेली असताना, कॅलिफोर्नियाच्या शातो मोंटेलेना या वायनरीच्या १९७३ च्या शार्डोनेला बर्गंडीच्या नामवंत मद्यांच्या वरचा क्रमांक दिला होता, आणि त्या निकालाची धुंदी अद्याप त्या खोऱ्यात ओसरलेली नव्हती. जे कालपर्यंत फ्रेंचांखेरीज इतर कोणाला साधत नाही असे मानले जात होते ते अमेरिकनांना साधले, मग आपल्यालाच का साधू नये, हा प्रश्न घेऊन तो मायदेशी परतला आणि साध्या मद्याचा आपला मोठा व्यवसाय विकून उंची मद्याची तेवढी शाखा त्याने हाती ठेवली. मग आणखी एक बोच लागली. जाक ल्युर्तों या बोर्दोच्या घराण्यातील पाहुण्याने त्याचे काबेर्ने चाखून सांगितले की याची चव लांगदोकच्या मद्यासारखी लागते. लांगदोक म्हणजे दक्षिण फ्रान्सचा उष्ण प्रदेश. शब्द स्तुतीचे, आशय उष्णतेचा. थंड जागा शोधणे तेव्हापासून भाग पडले, आणि थंड म्हणजे उंच. त्याच्या स्वतःच्या जाणत्या माणसांचे मत असे की ग्वाल्तायारीत द्राक्ष पिकायचे नाही, कडाक्याचे दहिवर वेली जाळून टाकील. त्याने १९९२ साली तेथे बाग लावली आणि धाकट्या मुलीचे नाव तिला दिले.

त्या थंडीने नेमके काय साधते, हे समजून घेणे मला चव घेण्याइतकेच आनंददायक वाटले. द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरू लागले, म्हणजे नाशिक-सांगलीकडचे बागायतदार डोळ्यांत तेल घालून जिची वाट पाहतात ती अवस्था आली, की साखर चढू लागते आणि आंबटपणा उतरू लागतो. हा आंबटपणा प्रामुख्याने दोन आम्लांचा. त्यांपैकी टार्टारिक आम्ल बऱ्यापैकी टिकाऊ असते. मॅलिक आम्ल मात्र, जे हिरव्या सफरचंदाला त्याची झणझण देते, ते मणी स्वतःच्या श्वसनासाठी सरपणासारखे जाळीत राहतो, आणि हवा जितकी उबदार तितके ते सरपण लवकर संपते. उष्ण प्रदेशात त्यामुळे साखर पुरी होईतो आंबटपणाची राख झालेली असते आणि मद्य जाड, मंद, तोंडात बसकण मारणारे होते. आपल्याकडे अकलूजच्या परिसरात शार्डोने लावणाऱ्यांपुढेही हीच अडचण आहे. हिवाळा सरत आला की रात्री तापू लागतात आणि तोडणीचा मुहूर्त हातचा निसटतो की काय अशी धास्ती पडते. ग्वाल्तायारीत दिवस मावळताच बर्फाकडून गार हवा खाली येते आणि मण्याचा श्वास मंदावतो. उलट दिवसा तेथले ऊन असे की सावलीत हुडहुडी भरावी आणि उन्हात कातडी सोलून निघावी. हजार मीटरमागे अतिनील किरणांची तीव्रता दहा-बारा टक्क्यांनी वाढते आणि तिच्यापासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी द्राक्षाची साल जाड होते. थंडी बर्गंडीहून उसनी आणावी तशी, आणि ऊन मात्र तेथील कोणी कधी पाहिले नसेल असे. नुसती थंडीच हवी असती तर निकोलासला दक्षिणेकडे पातागोनियातही बागा लावता आल्या असत्या. हे ऊन त्याला तेथे मिळाले नसते.

या सर्व प्रकाराला शार्डोनेच का, याचेही उत्तर तिच्या स्वभावात आहे. ही जात स्वतः फारशी बोलत नाही. मस्कतसारखा तिचा सुगंध दारातूनच स्वागताला येत नाही. ज्या मातीत, ज्या हवेत, ज्या माणसाच्या हाती ती पडेल त्यांचे गुणावगुण ती निमूटपणे उचलते. १९९९ साली जनुकांच्या परीक्षणाने तिच्या कुळाचा छडा लागला तेव्हा असे निघाले की तिचे एक जन्मदाते पिनो हे कुलीन घराणे आणि दुसरे ग्वे ब्लाँ, ज्याला मध्ययुगात कुळवाड्यांचे आंबट, हलके पीक म्हणून हिणवीत आणि ज्याची लागवड बंद व्हावी म्हणून अंमलदारांनी वेळोवेळी फर्माने काढली. ती फर्माने कसोशीने अमलात आली असती तर शार्डोने जन्मासच आली नसती. सरकारी हुकमांची अंमलबजावणी ढिली असण्याचे जे काही फायदे इतिहासात नोंदविण्याजोगे आहेत त्यांत याचा समावेश व्हायला हरकत नाही.

मात्र या निमूटपणाचा गैरफायदाही पुष्कळांनी घेतला. गेल्या शतकाच्या अखेरीस नव्या ओकच्या पिंपांत मुरवून, मॅलिक आम्लाचे जीवाणूंकरवी लॅक्टिक आम्लात रूपांतर करून, लोणी आणि व्हॅनिला यांचा असा दर्प तिला चढविला जाई की द्राक्ष आहे की मिठाई याचा संभ्रम पडावा. कातेना सापाताची धुरा वाहणारे आलेहान्द्रो विहील हे मूळचे मातीचे अभ्यासक. त्यांच्या हातून निघणाऱ्या आद्रियानाच्या शार्डोनेत ओक असते, पण पानातल्या मिठाइतके.

त्या भागातल्या एका बागेत मातीचा छेद दाखविण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात मी उतरलो. असे खड्डे ग्वाल्तायारीत जागोजागी आढळतात आणि तेथील लोक पाहुण्याला दिवाणखान्याऐवजी प्रथम तेथेच नेतात. छातीइतका खोल. वर वीतभर वाळूमिश्रित गाळ, त्याखाली गोट्यांचा थर, आणि प्रत्येक गोट्याच्या तळच्या अंगाला चुन्याची खरबरीत पांढरी पुटे चढलेली, वरचे अंग मात्र उघडे. झिरपणारे पाणी गोट्याच्या पोटाखाली थबकते आणि सुकताना चुना मागे ठेवते, हे कोणी न सांगता त्या पुटांनीच सांगितले. बरोबरच्या तरुण कृषितज्ज्ञाने खिशातून आम्लाची लहानशी कुपी काढली व एका गोट्यावर थेंब टाकला. पुट फसफसले आणि बोटाला गार लागले. दोन गोट्यांच्या फटीतून एक मूळ दोऱ्यासारखे गेलेले होते आणि चुन्यापाशी येऊन त्याला असंख्य केशमुळे फुटलेली होती. येथून कधीकाळी नदी वाहत होती; तिने गोटे आणले, गाळ आणला, जनावरांची हाडेही आणली. आद्रियाना बागेतल्या ज्या ओळींखाली चुनखडी आणि अश्मीभूत हाडांचे अवशेष सापडतात त्यांची 'व्हाइट बोन्स' आणि ज्या ओळींखाली पांढरे लंबगोल गोटे अधिक त्यांची 'व्हाइट स्टोन्स', अशी दोन स्वतंत्र मद्ये कातेना सापाता काढते, आणि दोहोंच्या मुळाशी असलेल्या जमिनी परस्परांना खेटून आहेत.

हाडांची आणि दगडांची चव पेल्यात उतरते, असे विक्रेते सांगतात. ते मला मान्य नाही. वेल खडक खात नाही. ॲलेक्स माल्टमन या भूगर्भशास्त्रज्ञाने अनेक वर्षे हेच प्रतिपादन केले आहे की मुळे जी खनिजे शोषतात ती अत्यल्प, आणि त्यांना जिभेला जाणवेल अशी चवच नसते. परंतु म्हणून जमीन निरर्थक ठरते असेही नाही. पाणी कोठे थांबते, कोठून निसटते, किती दिवसांनी वेलीला तहान लागते, यांवर मण्याचा आकार, पानांचा पसारा आणि पिकण्याची गती ठरते, आणि चार पावलांवर गोटे बदलले की हे सारे बदलते. म्हणजे मामला खनिजांचा कमी आणि निचऱ्याचा अधिक, आणि निचरा हा आमच्या खात्याचा विषय असल्यामुळे या बाबतीत मी माझे मत थोड्या अधिकारवाणीने मांडतो. थंड हवाही, तसे पाहिले तर, पाण्याच्याच शिस्तीने वागते: उताराला लागते, खळग्यात साचते, आणि जेथे साचते तेथे दहिवराने कोंब जळतात. शार्डोनेचे डोळे इतर जातींच्या आधी फुटत असल्यामुळे तिला हा धोका सर्वाधिक. बाग उतरणीवर असण्याचा अर्थ एवढाच की रात्रीची हवा तेथे मुक्कामाला न थांबता पुढे निघून जाते.

दोन्ही बाटल्या आम्ही मेंदोसा शहरात विकत घेतल्या आणि जावयाच्या घरी, तळलेल्या ट्राउट माशाबरोबर, शेजारी शेजारी उघडल्या. रंग दोहोंचा सारखाच, गवताच्या पात्याची किंचित हिरवी झाक असलेला फिका पिवळा. 'व्हाइट स्टोन्स' अधिक मोकळी; लिंबाच्या सालीचा आणि पांढऱ्या फुलांचा वास, त्यामागे पेरची गोडसर चाहूल. 'व्हाइट बोन्स' आरंभी काही देतच नाही. ती जिभेवर ताठ उभी राहते, आंबटपणा दोन्ही गालांच्या आतून सरळ रेषेत मागे जातो, आणि घोट गिळून झाल्यावर, जेव्हा चव संपायला हवी तेव्हा, एक खारट ओलसर अशी संवेदना मागे उरते जिला मी समुद्राची म्हणेन तर समुद्र तेथून अँडीजच्या पलीकडे. मुलीला पहिली आवडली. मला दुसरी. एकदम सर्वस्व उघड करणाऱ्या गाण्याप्रमाणेच असे मद्यही मला चटकन कंटाळवाणे होते. तिसऱ्या घोटाला ज्याच्यात नवे काही सापडते ते माझ्या पसंतीचे, मग त्यासाठी पहिले दोन घोट उपेक्षा सोसावी लागली तरी चालेल.

वायनरीची मुख्य वास्तू मात्र मला रुचली नाही. ती आद्रियानापासून पुष्कळच खाली, आग्रेलो येथे आहे आणि माया संस्कृतीच्या पिरॅमिडच्या धर्तीवर बांधलेली आहे. २००१ साली, म्हणजे ज्या वर्षाच्या अखेरीस अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली त्याच वर्षी, ती खुली झाली. माया लोक मध्य अमेरिकेचे. अँडीजच्या या पायथ्याशी त्यांचा संबंध, आपल्या वेरुळाशी अंगकोरचा असावा तितपत. संध्याकाळच्या प्रकाशात वास्तू भव्य दिसते हे कबूल, परंतु ज्या घराण्याने दहिवर आणि गोटे यांच्याशी एवढा प्रामाणिक व्यवहार केला त्याने दगडी भव्यता दुसऱ्याकडून आणावी, हे मनाला लागते. त्यापेक्षा १९९५ साली निकोलासच्या थोरल्या कन्येने, लाउरा कातेना यांनी, स्थापन केलेली संशोधनसंस्था मला या घराण्याचे खरे स्मारक वाटते. त्या पेशाने डॉक्टर, सान फ्रान्सिस्कोच्या इस्पितळात आणीबाणीच्या विभागात त्यांनी दीर्घकाळ काम केले. प्रत्येक ओळीची माती, हवा आणि रस यांची तपासणी करून केसपेपर ठेवावा तशी नोंद ठेवण्याची शिस्त या बागांना त्यांनी लावली.

आता पाण्याविषयी, कारण माझे लक्ष तेथे गेल्यापासून तिकडेच होते. मेंदोसा शहराच्या प्रत्येक रस्त्याच्या कडेने उघडे पाट वाहतात आणि त्यांच्या आधाराने झाडांच्या रांगा उभ्या आहेत. नवखा माणूस रात्री त्यांत पाय घालून पडतो. हे पाट मुळात स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच्या हुआर्पे लोकांचे. १८८४ च्या कायद्याने पाण्याचा हक्क जमिनीशी असा जखडला की जमीन विकल्यावाचून पाणी विकता येत नाही. पाळीची मुदत ठरलेली, दारे उघडणारा तोमेरो नावाचा माणूस ठरलेला, आणि त्याच्यावरचा निरीक्षक वाटेकऱ्यांनी मतदानाने निवडलेला. हे सारे ऐकताना मला मोसम आणि पांझरा नद्यांवरच्या फडांची आठवण होणे अपरिहार्य होते. तेथेही बंधाऱ्याचे पाणी पाटकरी वाटतो, लाभधारक त्याच्यावर नजर ठेवतात, आणि सरकार दूर असल्यामुळेच व्यवस्था शतकानुशतके टिकली. पण ग्वाल्तायारी त्या जुन्या कालव्यांच्या माथ्यावर आहे. पाणी आपण होऊन तेथे चढत नाही. तेथे खोल विहिरी आणि ठिबकच्या नळ्या, म्हणजे भूगर्भातली शिल्लक. ती शिल्लकही शेवटी त्याच बर्फातून जमा होणारी, आणि बर्फ वर्षागणिक आटत चाललेले. मद्याच्या बाटलीवर उंची छापतात, विहिरीची खोली कोणी छापीत नाही.

तथापि तेथील लोक या बाबतीत झोपलेले नाहीत. अर्जेंटिनाने २०१० साली हिमनद्यांच्या रक्षणाचा कायदा केला, आणि मेंदोसा प्रांताने त्याही आधी, २००७ मध्ये, खाणींत सायनाइडसारखी घातक द्रव्ये वापरण्यास मनाई केली होती. डिसेंबर २०१९ मध्ये प्रांतिक विधिमंडळाने ही मनाई सैल करणारा कायदा मंजूर करताच बागायतदार, मजूर, शिक्षक, विद्यार्थी असे सारे रस्त्यावर आले. ऊको खोऱ्यातून, म्हणजे तुपुंगातो ज्याचा भाग आहे त्याच खोऱ्यातून, लोक पायी राजधानीकडे निघाले, आणि द्राक्षोत्सवासाठी दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या राण्याही निषेधात उतरल्या. महिना संपण्यापूर्वी तो कायदा विधिमंडळाने मागे घेतला. माझ्या सबंध नोकरीत एखादे साधे परिपत्रकसुद्धा इतक्या तातडीने मागे घेतले गेल्याचे मला स्मरत नाही.